रिकाम्या डब्यातला कापूर

मयूर विहार, दिल्ली
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
देवयानीचा साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तुमची खुशाली आईकडून रोज कळते, पण तुमची तब्येत कशी आहे असं विचारलं की "बरे आहेत, मशीनवर बसलेत" याच्यापुढे ती जात नाही. थंडी आपल्याकडे औशालाही पडली असेल. इथे सकाळी नऊपर्यंत समोरची इमारत दिसत नाही. अरुणाकाकू (ज्यांच्याकडे मी राहते त्या) मला दोन स्वेटर घातल्याशिवाय दाराबाहेर सोडत नाहीत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही, कारण आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि तिचा चष्मा कायम दुकानात बटणांच्या डब्याखाली सापडतो. शिवाय पाकिटावर मी मुद्दाम दुकानाचा पत्ता घातला आहे: श्री. मारुती माळवदे, मारुती टेलर्स, बसस्टँडसमोर. गिऱ्हाइकाचं समजून तुम्ही फोडणार हे मला माहीत होतं. आता फोडलंच आहे तर पुरतं वाचा.

कामाचं आधी सांगते. मला तुमच्याकडून दोन ओळींचा लेखी जबाब हवा आहे. पोलिसांचं काही नाही, आमच्या प्रयोगशाळेचं आहे. प्रश्न एकच: दिवाळीत आईनं जो पांढरा कोट पाठवला, त्याच्या घडीत कापराची वडी कोणी शिवली? तुम्ही शिवली असेल तर "मी शिवली" असं लिहून खाली सही करायची. नसेल तर तसं लिहायचं. पण तसं लिहिलंत तर पंचाईत होईल, कारण माझ्याकडे पुरावा आहे.

प्रकरण पहिल्यापासून सांगते. आईनं गल्लीत सांगून ठेवलंय की मी "रक्ताचं काहीतरी" शिकते. रक्ताशी माझा संबंध अजून डासांपुरताच आहे. मी शिकते ते न्यायवैद्यक विज्ञान, आणि त्यातला माझा विषय रसायनाचा. घराला आग लागली ती आपोआप की कोणी रॉकेल ओतून लावली, पकडलेली पूड औषधाची की पिठीसाखर, मेलेल्याच्या पोटात विष होतं का, हे यंत्रावर तपासायचं आणि कोर्टात वकिलानं कितीही ओढलं तरी उसवणार नाही असं लिहायचं.

यंत्र कसं चालतं तेही सांगते, तुम्हाला आवडेल. दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात हात घालून तुम्ही न बघता टेरिकॉट वेगळं काढता, सुती वेगळं काढता. आमचं यंत्र वाफेच्या बाबतीत तेच करतं. जळक्या वस्तूची वाफ तीस मीटर लांब, दोऱ्याएवढ्या बारीक नळीतून सोडायची. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावर एक टेकडी उमटते. मग यंत्राचा पुढचा भाग त्या पदार्थाचे तुकडे करतो आणि तुकड्यांची वजनं घेतो. वजनांवरून नाव कळतं. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा जेवायला जायची विसरले होते.

वाफ गोळा करायला कोळशाची नखाएवढी पट्टी असते. पत्र्याच्या डब्यात जळकी वस्तू ठेवायची, वर ही पट्टी टांगायची, झाकण घट्ट लावून डबा गरम ठेवायचा. पट्टी वाफ शोषून घेते. आणि प्रत्येक खेपेला आणखी एक डबा ठेवायचा, अगदी रिकामा, आत नुसती पट्टी. याला ब्लँक म्हणतात. त्यात काहीही निघता कामा नये. रिकाम्या डब्यात काही निघालं, तर भरलेल्या डब्यांत निघालेल्या कशावरच विश्वास ठेवता येत नाही. सगळी खेप बाद.

डिसेंबरात माझ्या रिकाम्या डब्यात टेकडी आली.

परीक्षित नावाचा गाझियाबादचा मुलगा माझ्या शेजारच्या टेबलावर असतो. तो पडदा बघून म्हणाला, "यार देवयानी, तेरे ब्लँक में तो पूरा पहाड़ खड़ा है." मी डबा बदलला, हातमोजे बदलले, पुन्हा केलं. पुन्हा पहाड. तिसऱ्यांदा केलं तेव्हा वर्गातली मुलं चहाचे कप घेऊन बघायला आली.

आमच्या विजयालक्ष्मी मॅडम मूळच्या मदुराईच्या. तीस वर्षं दिल्लीत काढली तरी ऑक्टोबर ते मार्च कानटोपी उतरवत नाहीत, आणि बोलतात मोजकं. मी "सॉरी मॅडम" म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "सॉरी नहीं चाहिए. सोर्स चाहिए." म्हणजे हे आलं कुठून ते शोधून लेखी दे. नाही सापडलं तर प्रात्यक्षिक रद्द. आणि प्रात्यक्षिक रद्द तर फेब्रुवारीत एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणासाठी मुलाखती आहेत, त्यांना माझं नाव जाणार नाही. वर्गातून तिघांचीच नावं जातात, अण्णा. माझं दुसरं होतं.

पदार्थाचं नाव लगेच कळलं. वजनं ९५, ८१, १५२. कापूर. पण कापूर प्रयोगशाळेत आणला कोणी? पहिला संशय फाटकावरच्या दामू भय्यावर. तो रोज सकाळी मारुतीच्या तसबिरीपुढे कापूर लावतो. पण मग सगळ्यांच्या डब्यांत निघायला हवा होता, आणि बाकीच्यांचे डबे स्वच्छ होते. दुसरा संशय सर्दीच्या मलमावर. पण मलमात पुदिन्याचं सत्त्वही असतं, ते यात नव्हतं. शेवटी परीक्षितनं नव्या पुड्यातल्या पट्टीवर माझ्याच डब्यात ब्लँक लावला. कोरा. मी माझ्या पुड्यातली पट्टी लावली. पहाड. म्हणजे चोर माझ्यापाशीच होता.

मग मी माझी सगळी जिंदगी डब्यांत भरून तपासली. मफलर, डोक्याचं तेल, काकूंनी दिलेला जेवणाचा डबा, पर्समधली बडीशेप. परीक्षित म्हणाला, आता तूच डब्यात बस. कोट मी सर्वात शेवटी तपासला, कारण माझ्याजवळ सगळ्यांत स्वच्छ वस्तू तीच होती. त्या कोटाला आतून एक ऐसपैस खिसा आहे, तसा इथल्या कुणाच्याच कोटाला नाही. सगळ्या मुलींना हेवा वाटतो. मी पट्ट्यांचा उघडा पुडा सांडू नये म्हणून त्याच खिशात ठेवत होते.

खिशाखालची दुमड डब्यात ठेवली आणि टेकडी पडद्याच्या वर निघून गेली. ब्लेडनं चार टाके उसवले. बटर पेपरात गुंडाळलेली कापराची अर्धी वडी.

तुम्ही म्हणाल, इतके दिवस नाकाला कळलं नाही का. एक तर या हवेत डिसेंबरात नाक नावापुरतंच उरतं. आणि खरं सांगायचं तर वास येत होता. कोट पार्सलमधून काढला तेव्हापासून येत होता. मला तो घरचा वास वाटला, म्हणून मी शोधलाच नाही.

आता पुरावा. आईनं फोनवर सांगितलं होतं की कोट लातूरच्या दुकानातून रेडिमेड आणला, "ह्यांना काही माहीत नाही." कोटाच्या मानेवर लेबलही होतं: मेन्स, एक्सएल. अण्णा, तो कोट मला अंगावर मोजून शिवल्यासारखा बसतो. मेन्स एक्सएलमध्ये माझ्यासारख्या दोन मुली मावतील. मी हसले होते तेव्हा, पण पुढे विचार केला नव्हता. बारीक बघायचं शिकते आणि माझ्याच मानेवरचं मला दिसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, वडी सापडली, ठीक. पण ती तुझ्या कोटात कशी आली हेही लिही. मग मी दुमडीची तुरपाई सूक्ष्मदर्शकाखाली घातली. टाके डावीकडे झुकलेले. उजव्या हाताच्या माणसाचे उजवीकडे झुकतात. शेजारी माझ्या उशीचा अभ्रा ठेवला, मी दिल्लीला निघाले तेव्हा तुम्ही शिवून दिलेला. तोच झोक, तेच अंतर, शेवटी तीच दुहेरी गाठ. मॅडमनी दोन्ही बघितले, बराच वेळ बघितले. मग विचारलं, हे कोण? म्हटलं, माझे वडील. म्हणाल्या, "हाथ बहुत अच्छा है इनका." परीक्षेतसुद्धा त्या कुणाला इतकं चांगलं म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी अहवालात लिहिली नाही, ती तुम्हाला लिहिते. कापूर तुम्ही शर्टात घालत नाही, गणवेशात घालत नाही. फक्त कोटात घालता. नवरदेवाच्या, नाहीतर शाळेच्या मुख्याध्यापकांच्या. पेटीत कसर लागू नये म्हणून, आजोबा घालायचे म्हणून. पांढऱ्या सुती कोटाला कसर लागत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी घातलात. आणि घरच्या कपड्यालासुद्धा तुम्ही पावती फाडता, नावाच्या जागी "घरचं" लिहून कपड्याला टाचता. या कोटाला पावती नव्हती. तेव्हाच मी समजायला हवं होतं की काहीतरी लपवलंय.

म्हणजे खोटं बोलण्यात आपण बापलेक बरोबरीचे निघालो. तुमचं खोटं मानेवरच्या लेबलाएवढं. माझं मोठं आहे.

हे लिहायचं टाळता टाळता मी एवढी पानं भरली. आता लिहिते.

जूनमधल्या त्या रविवारी माझी यूपीएससीची पूर्वपरीक्षा म्हणून तुम्ही दुकान बंद ठेवलंत. लग्नसराईत. तीन नवरदेवांचे कोट मशीनवर असताना. आईनं नंतर सांगितलं की मी परीक्षेच्या हॉलमध्ये आहे म्हणून तुम्ही दिवसभर नुसत्या पाण्यावर होतात. संध्याकाळी तुमचा फोन आला, "पेपर कसा गेला?" आणि मी म्हणाले, "बरा गेला, अण्णा."

मी पेपरला बसलेच नव्हते. क्लास सोडून मला तेव्हा दहा महिने झाले होते. दोन वेळा नापास झाल्यावर तिसऱ्यांदा तीच पुस्तकं उघडली की पहिल्याच पानावर मी ती मिटून ठेवायचे. म्हणून मी गुपचूप या न्यायवैद्यकाला नाव घातलं होतं आणि इथे मी आनंदात होते, वर्गात पहिल्या तिघांत होते. त्या रविवारी तुम्ही औशाला उपाशी होतात तेव्हा मी काकूंच्या गच्चीवर पापड राखत बसले होते आणि लाट्या खात होते. फोन आला तेव्हाही तोंडात लाटी होती.

जुलैत खरं सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि फोन आईला दिलात. तो अजून तिच्याकडेच आहे.

आधी मला वाटायचं, मी कलेक्टर होणार नाही याचा तुम्हाला राग आहे. फळीवर वरच्या बाजूला कागदात गुंडाळलेलं ते निळं कापड, "देवयानीच्या मुलाखतीचं" म्हणून कुणाला हात लावू न दिलेलं, त्याचा राग आहे. आता तसं वाटत नाही. कोट शिवणाऱ्या माणसाला मी काय शिकते याचा राग नसतो. राग त्या "बरा गेला"चा आहे. तो मी पुसू शकत नाही. विजयालक्ष्मी मॅडमना सॉरी चालत नाही, तुम्हाला चालेल का माहीत नाही. तरी म्हणते. अण्णा, मी चुकले. मला माफ करा.

आणि शेवटचं. जबाबाचं वर लिहिलं तेही पुरतं खरं नाही. अहवाल मॅडमनी शुक्रवारीच मंजूर केला, प्रात्यक्षिक वाचलं, मुलाखतीला माझं नाव गेलं. तुमच्या सहीची प्रयोगशाळेला गरज नाही. मला आहे. पहिलं पान फाडून पुन्हा लिहिणार होते, मग म्हटलं राहू दे. खोटं कुठे होतं ते तुम्हाला दिसू दे.

उत्तराची घाई नाही. पत्ता मागे लिहिला आहे.

आज्ञाधारक लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
देवयानी


मयूर विहार, दिल्ली
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न.

तुमचं पत्र आलं नाही, पण आईची बातमी आली. पत्र तुम्ही दुकानात वाचलं, जेवायला उशिरा आलात, आणि आता ते मापांच्या वहीत ठेवलंय म्हणते. मापांच्या वहीत तुम्ही फालतू कागद ठेवत नाही. मला तेवढं पुरे आहे. म्हणजे पुरे नाही, पण चालेल.

मुलाखत शुक्रवारी, चौदा तारखेला आहे. काळजी करू नका, घालायचं काय ते ठरलं आहे. अरुणाकाकूंची मुलगी (तिचं नाव पूर्वी) गुरुग्रामला ऑफिसात जाते, तिचा काळा ब्लेझर मिळतोय. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. खांदे जरा खाली उतरतात आणि बाह्या बोटांवर येतात, पण टेबलाखाली हात ठेवले की कळणार नाही. पाठीवर एक फुगाही येतो. चालून जाईल. फोटो आईच्या फोनवर पाठवला आहे, मुद्दाम बघायला नको.

इथे परवा गंमत झाली. पूर्वीचं सगळं बालपण दिल्लीत गेलं, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेवर थांबतं. मी तिला म्हटलं, तुरपाई उसवली आहे. ती म्हणाली, "तुरपाई म्हणजे कुठली भाजी?" काकूंनी कपाळाला हात लावला. मग तिनंच टेप आणली आणि म्हणाली चल, तुझं माप घेते, मला शिकव. आम्ही दोघींनी मिळून घेतलं. खांदा साडेचौदा, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, बाही बावीस, उंची पंचवीस. इतकं नीट घेतलं आहे की कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून इथे लिहिलं. दुसरा काही हेतू नाही.

बरं, हेतू आहे. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय ना. पण तो हेतू मी मागणार नाही. ते कापड तुम्ही ज्या मुलाखतीसाठी आणलं होतं ती ही नव्हे, हे मला कळतं.

तब्येतीला जपा. मशीनवर बसताना पायाखाली गोणपाट घ्या, फरशी गार असते.

तुमची,
देवयानी


मयूर विहार, दिल्ली
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
देवयानीचे अनेक साष्टांग नमस्कार. एकानं भागणार नाही.

पार्सल बुधवारी आलं. मी प्रयोगशाळेत होते. काकूंचा फोन आला, "अगं, औशाहून भलामोठा गठ्ठा आलाय, आणि अख्ख्या जिन्यात देवळासारखा वास सुटलाय. लवकर ये यार, मी फोडून टाकीन." काकूंचे यजमान अविनाशकाका इतके सरकारी माणूस की दुसऱ्याच्या पाकिटाला हात लावत नाहीत, म्हणून गठ्ठा वाचला. मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती तरी मी दारात उभी राहून आले.

सगळ्यांत वर पावती होती. तुमच्या अक्षरातली. ती मी इथे उतरवून ठेवते, म्हणजे मूळ कागद हरवला तरी माझ्याजवळ नक्कल राहील. आम्हाला तसंच शिकवतात.

"१) पांढरा कोट, नग एक. कापूर नाही. आतला खिसा आहे.
२) निळा कोट, नग एक. कापूर आहे. प्रयोगशाळेत घालू नये.
जबाब: पहिल्या कोटात कापूर मीच घातला. लेबलही मीच लावलं, आईचा दोष नाही. फोटो पाहिला. तो काळा कोट कुणाच्या अंगावर परत दिसू नये.
मुलाखत कशी गेली ते खरं कळवणे.
मा. माळवदे"

पावती वाचून मी जिन्यातच बसले. पूर्वी घाबरली, तिला वाटलं घरी कुणाचं काही झालं. मी तिला पावती दिली, तिनं अडखळत वाचली आणि शेवटच्या ओळीला तीही माझ्या शेजारी बसली. काकू वरून ओरडत होत्या, दोघी रडताय की हसताय ते तरी सांगा. आम्हालाही नीट माहीत नव्हतं.

मग निळा कोट घातला. अण्णा, पूर्वीनं खांद्याचं माप चुकीचं घेतलं होतं, पाव इंचानं जास्त. तुम्ही ते शिवताना दुरुस्त केलंत. फोटोवरून कळलं का? पाठीत एक सुरकुती नाही. आरशासमोर मी पंधरा मिनिटं काढली आणि अविनाशकाकांनी दोनदा घसा खाकरला, कारण आरसा बेसिनवरचा एकच आहे.

आता तुम्ही विचारलंय ते. खरं कळवते.

तीन जण होते, दोन साहेब आणि एक बाई. पहिली दहा मिनिटं माझा आवाज कापत होता आणि एका साध्या प्रश्नाचं उत्तर मी उलटं दिलं, मग माझं मलाच कळलं आणि मी ते सुधारलं. दुसऱ्या साहेबांनी नव्या प्रकारच्या एका यंत्राबद्दल विचारलं. ते मी पाहिलेलं नाही, फक्त नाव ऐकलंय. जोडून तोडून काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, सर, मला माहीत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे तो प्रश्न माझा गेला.

मग त्या बाईंनी नाक वर केलं. म्हणाल्या, "कहीं कपूर की ख़ुशबू आ रही है क्या?" मी म्हणाले, हो मॅडम, माझ्या कोटातून येतेय. सोर्स मला माहीत आहे. तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मग मी सगळं सांगितलं. रिकामा डबा, दामू भय्या, काकूंचा जेवणाचा डबा, आतला खिसा, डावरी तुरपाई, मेन्स एक्सएल. सांगताना आवाज कापायचा थांबला होता. पहिले साहेब हसून हसून लाल झाले. बाई हसल्या नाहीत, त्यांनी विचारलं, "तुझ्यामुळे तुझीच खेप बाद झाली हे अहवालात स्वतः लिहिलंस?" मी म्हणाले, लिहिलं, दोन वेळा, एकदा मॅडमना आणि एकदा घरी. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

काल यादी लागली. तिघांतून एक घेतला आहे आणि ती मी आहे. एप्रिलपासून सहा महिने. परीक्षितचं झालं नाही, तरी तोच मिठाई घेऊन आला आणि म्हणाला, "अंकल को बोलना, मेरे कोट में भी डाल दें." विजयालक्ष्मी मॅडमनी कानटोपी काढून माझ्याशी हात मिळवला. ही बातमी वर्गात माझ्या निवडीपेक्षा जास्त वेळ चालली.

तर अण्णा, पेपर असा गेला. एक उत्तर चुकलं, एक आलं नाही, बाकीचं जमलं. यात कमी-जास्त काही केलेलं नाही.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगायचं होतं. तुम्हीच तिला सांगा, आणि सांगताना तिचा चष्मा बटणांच्या डब्याखालून काढून द्या, तिला यादीचा फोटो बघायचा असेल. दुकान बंद ठेवू नका. पोटभर जेवा.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला मी फोन करीन. त्या वेळी आईला चहा ठेवायला आत पाठवा. वाजला की तुम्हीच उचला आणि हातातच ठेवा. काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल, मला मशीनचा आवाज ऐकू आला तरी पुष्कळ आहे. आणि सुचलंच तर कॉलरचं सांगा, ती इतकी सपाट कशी बसवलीत ते पूर्वीला शिकायचं आहे.

एक राहिलं. पावती वर उतरवताना मी पहिली ओळ लिहिली नाही, ती शेवटाला ठेवली होती. "गिऱ्हाइकाचं नाव" छापलेलं आहे तिथे तुम्ही घरच्या कपड्यांना लिहिता तोच शब्द लिहिलात, तो मी गठ्ठा फोडल्याबरोबर पाहिला होता. जिन्यात मी बसले ती खरं तर त्याच ओळीला.

तुमची,
घरचीच,
देवयानी